गाडीची पाणसळ

बैलगाडी हाकणाऱ्याला एक गोष्ट शाळेत न जाताच कळते. गाडीत मागच्या बाजूला ओझे जास्त झाले, की जू वर उचलले जाते, बैलांच्या मानेवरचा दाब कमी होतो आणि गाडी मागे कलंडू पाहते. गाडी ‘उलाळ’ झाली असे खेड्यातली माणसे म्हणतात. मग शहाणा गाडीवान खाली उतरतो, दोन पोती पुढे सरकवतो आणि पुढच्या रस्त्याला लागतो.

लहानपणी आजोळी ऐकलेला हा शब्द मला पुन्हा आठवला तो थेट अमेरिकेत! टेक्सस राज्यातल्या ह्यूस्टन शहराच्या एका उपनगरात आमचे चिरंजीव राहतात. २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो. विमानतळावर आम्हांला घ्यायला जी गाडी आली ती पाहून आमच्या सौभाग्यवती क्षणभर थबकल्याच. “अरे, हा तर टेम्पो! आम्ही काय भाजीची पोती आहोत?” असे त्या म्हणाल्या, आणि सूनबाईंना हसू आवरेना.

ती होती पिकअप. पुढे पाच माणसांची ऐसपैस खोली आणि मागे उघडा हौदा. आपल्याकडे पिकअप म्हटली की कांद्याच्या गोणी, दुधाचे कॅन आणि लग्नाचे वऱ्हाड डोळ्यांपुढे येते. तिकडे मात्र डॉक्टर, मास्तर आणि कचेरीतला बाबू हे सगळेच ही गाडी हौसेने घेतात. मूळ कल्पना शेतकऱ्यांचीच. जुन्या मोटारीचा मागचा भाग कापून तिथे लाकडी खोके बसवायचे, हा त्यांचा घरगुती उद्योग होता. तो पाहून फोर्ड कंपनीने १९२५ साली आपल्या ‘मॉडेल टी’ला कारखान्यातच हौदा जोडून गाडी विकायला काढली. किंमत होती २८१ डॉलर. पुढे १९४८ मध्ये त्याच कंपनीची ‘एफ’ मालिका आली आणि पिकअप हे अमेरिकन घराचे वाहन होऊ लागले.

मी आयुष्यभर एस. टी.च्या आगारात मेकॅनिकचे काम केले. गाडी दिसली की माझी नजर आधी तिच्या चाकांकडे आणि पाट्यांकडे जाते. ही गाडी पाहताच माझ्या ध्यानात आले, की तिचे नाक किंचित खाली आहे आणि पाठ वर. टेपने मोजले. जमिनीपासून पुढच्या मडगार्डची कड ३७ इंचांवर, मागची ३९॥ इंचांवर. म्हणजे गाडी अडीच इंच पुढे झुकून उभी!

हीच गोष्ट चिरंजीवांच्या मनाला लागून राहिली होती. “बाबा, बघा ना, कशी मान खाली घालून उभी राहते. शेजाऱ्यांची बघा, कशी ताठ!” शेजारच्या अंगणातली पिकअप खरोखरच ताठ उभी होती. तिला ‘लेव्हलिंग किट’ बसवलेला होता. चिरंजीवांनीही तसाच मागवला होता. तो आला नेमका दसऱ्याच्या आदल्या दिवशी.

खोके उघडले तर आत काय? दोन जाड, वाटोळ्या ॲल्युमिनियमच्या चकत्या आणि मूठभर नटबोल्ट. प्रत्येक चकती साधारण एक इंच जाड. “आणि गाडी किती उचलणार?” मी विचारले. “दोन इंच,” चिरंजीव म्हणाले. आमच्या सौ. तिथेच वाती वळत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “एक इंचाच्या चकतीने दोन इंच? हे कुठले गणित?”

प्रश्न रास्त होता. मी त्यांना दार दाखवले. बिजागरीपासून दाराच्या मध्यावर हात ठेवून दार एक इंच ढकलले, तर त्याची मोकळी कड दोन इंच सरकते. गाडीच्या पुढच्या चाकाचेही तसेच असते. चाक एका लोखंडी बाहूच्या टोकाला असते. बाहूचे दुसरे टोक गाडीच्या सांगाड्याला बिजागरीसारखे जोडलेले असते. स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर यांची जोडगोळी टेकलेली असते ती या बाहूच्या मध्याजवळ. म्हणून जोडगोळीच्या डोक्यावर एक इंच जाडीची चकती ठेवली, की चाक सुमारे दोन इंच खाली जाते. म्हणजेच गाडी तेवढी वर उठते. सौ.नी दार दोनदा ढकलून पाहिले आणि पसंतीची मान हलवली.

आता एक प्रश्न उरतो. कारखानदार एवढा हुशार, तर त्याने गाडी मुळातच सपाट का बनवली नाही? याचे उत्तर मला ठाऊक होते, आणि मी ते त्या दिवशी सांगितले नाही. का सांगितले नाही ते पुढे येईलच.

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने स्प्रिंगचा नियम शोधला. कोणी चोरू नये म्हणून १६७६ साली त्याने तो अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि १६७८ साली त्याचा उलगडा केला. नियम साधा आहे. भार दुप्पट केला की स्प्रिंग दुप्पट दबते. पिकअपचे इंजिन पुढे असते आणि ते कायमचे असते. त्यामुळे पुढच्या स्प्रिंगा जेवढ्या दबायच्या तेवढ्या आधीच दबलेल्या असतात. मागचे पाटे मात्र वाट पाहत असतात. हौदा रिकामा असतो तोवर ते वर कमान करून राहतात. ओझे चढले की बसतात. आमच्या चिरंजीवांच्या गाडीत हजार पौंड, म्हणजे साडेचारशे किलोंच्या आसपास सामान टाकले, की पाठ अडीच इंच खाली येते. पुढचा झुकाव किती होता? अडीच इंच! म्हणजे रिकामी असताना वाकून उभी राहणारी ही गाडी ओझे अंगावर घेतल्यावर सरळ होते. तो झुकाव म्हणजे येणाऱ्या ओझ्यासाठी राखून ठेवलेली जागा होती.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी आम्ही हत्यारांची पूजा केली. आगारात खंडेनवमीला पाने, हातोडे, जॅक मांडून त्यांना हळदकुंकू लावायचा आमचा रिवाज होता. इथे चिरंजीवांच्या चकचकीत पान्यांना झेंडूचे फूल वाहिले. मग बाह्या सरसावून कामाला लागलो.

सपाट जमिनीवर गाडी उभी करून मागच्या चाकांना पुढून व मागून ठोकळे लावले. पुढच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. मग जॅकने गाडी उचलली आणि सांगाड्याखाली लोखंडी घोड्या दिल्या. वाचकहो, इथे एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्यासारखी आहे. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधी, कधीही शिरू नये. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे.

चाके निघाली. ब्रेकची नळी आणि चाकाची गती मोजणारी तार क्लिपांतून सोडवून बाजूला बांधली, म्हणजे जड भाग त्यांच्यावर लोंबकळणार नाही. स्टिअरिंगचा दांडा सोडवला, वरचा बॉल जॉइंट सोडवला. जोडगोळीचे खालचे नट काढले, मग डोक्यावरचे तीन. त्या तिघांच्या मध्ये एक मोठा नट असतो. चिरंजीवांचा पाना त्याच्याकडे वळताच मी त्यांचे मनगट धरले. “त्याला हात लावायचा नाही!” दाबून ठेवलेली सगळी स्प्रिंग त्या एका नटाने बांधलेली असते. खास शिकंजाशिवाय तो सोडला, तर स्प्रिंग तोफेच्या गोळ्यासारखी सुटते आणि समोरच्या माणसाचे तोंड फोडते. चिरंजीव एकदम लहानपणच्यासारखे “हो बाबा” म्हणाले.

माहितीपत्रकात तीन तास लिहिले होते. आम्हांला सात लागले. मधे श्रीखंडपुरीचे जेवण झाले. तीन वर्षांची नात दर पंधरा मिनिटांनी येऊन “आजोबा, झालं?” असे विचारून जाई. चकत्या बसल्या, नट चढले, किती जोराने आवळायचे ते दाखवणाऱ्या पान्याने एकेक नट बघून घेतला. चाके लावून गाडी खाली उतरवली. मी चिरंजीवांकडची गवंडीकामाची पाणसळ हौद्याच्या कडेवर ठेवली. बुडबुडा जवळजवळ मधोमध! चिरंजीवांनी मला मिठीच मारली. पंधरा वर्षांत आम्ही दोघांनी मिळून केलेले ते पहिले काम होते.

मी काही बोललो नाही, त्याचे कारण हेच. उत्तर ठाऊक होते. पण मुलाबरोबर हात काळे करण्याची संधी मला सोडवेना. शिवाय मनाची समजूतही घातली होती. कित्येक लोक हे किट बसवतात. ज्यांच्या गाडीला पुढे बर्फ ढकलण्याचा नांगर किंवा लोखंडी रहाट लावलेला असतो, त्यांना तर त्याची खरी गरज असते. आणि नीट बसवला तर त्यात गैर असे काहीच नाही. मात्र नीट म्हणजे काय, ते सांगायला हवे होते.

सोमवारी आम्ही चाकांची अलाइनमेंट करून घेतली. नाक उचलले की पुढची चाके वरून पाहताना सरळ राहत नाहीत. किंचित आत नाहीतर बाहेर वळतात, आणि टायर कडेने झिजत जातात. काही नव्या गाड्यांत काचेमागे रस्ता पाहणारा कॅमेरा असतो. त्याचीही नजर पुन्हा बसवून घ्यावी लागते. हे सगळे झाले. राहिले ते एकच, पुढचे दिवे.

दिवाळीच्या आदल्या शनिवारी तिथल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. आमच्या गाडीच्या हौद्यात घडीच्या खुर्च्या, ध्वनिक्षेपक, कंदील टांगायचे लोखंडी नळ आणि फराळाची खोकी असे हजार पौंडांचे सामान चढले. गाडीची पाठ बसली. नाक आता खाली नव्हतेच. ते वर आले. गाडी उलाळ झाली!

परतताना रात्र झाली होती आणि सामान हौद्यातच होते. समोरून येणारी प्रत्येक मोटार आम्हांला डोळे मिचकावी. कोणी दिव्यांची उघडझाप करी, कोणी भोंगा वाजवी. “काय झालंय यांना?” चिरंजीव कुरकुरले. मी मनात हिशेब केला. पुढच्या व मागच्या चाकांतले अंतर १४५ इंच. नाक दोन इंच वर म्हणजे दिव्याचा झोत शंभर फुटांवर सोळा-साडेसोळा इंच वर. त्यात पाठ अडीच इंच खाली. म्हणजे आणखी वीस इंच. रस्त्यावर पडायला हवा तो उजेड समोरच्या माणसाच्या डोळ्यांत शिरत होता. आणि समोरच्या गाडीतही कोणाची तरी मुलेबाळे होती.

“दिवे खाली करून घ्यायला हवेत,” मी म्हणालो. “उद्या करू, बाबा.” स्टिअरिंगही थोडे हलके वाटते आहे, असे तेच पुढे म्हणाले.

तो उद्या उजाडला. खुर्च्या परत द्यायच्या होत्या. गाडी अंगणात, हौदा भरलेला. चिरंजीव बसले, इंजिन सुरू केले. मी दारात उभा होतो. एवढ्यात सूनबाईंची किंकाळी ऐकू आली. नात चेंडूमागे धावत गाडीच्या नाकासमोर येऊन उभी राहिली होती. गाडी अजून हलली नव्हती. चिरंजीवांनी इंजिन बंद केले, खाली उतरले, आणि मुलीला उचलून बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “मला ती दिसलीच नाही. बॉनेटच्या पलीकडे काहीच दिसलं नाही.”

मागे पाहण्याचा कॅमेरा गाडीला होता. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचाच आहे. पण पुढचे काय?

त्या दुपारी आम्ही एक प्रयोग केला. घरात बसून सहज करता येतो म्हणून सांगतो. झाडूच्या दांड्याला बरोबर तीन फुटांवर लाल फडके बांधले. चिरंजीव चालकाच्या जागी बसले. मी दांडा उभा धरून बॉनेटपासून मागे मागे सरत गेलो. फडके दिसताच त्यांनी हाक मारायची. भरलेल्या गाडीतून ते दिसले साडेसहा फुटांवर. मग आम्ही सामान उतरवले आणि पुन्हा मोजले. पावणेसहा फूट. म्हणजे तीन फुटांचे मूल गाडीपुढे पावणेसहा ते साडेसहा फुटांच्या आत असेल, तर चालकाच्या लेखी ते नाहीच.

अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने नोव्हेंबर २०२३ मध्ये पादचाऱ्यांच्या अपघातांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या गाड्यांचे बॉनेट ४० इंचांहून उंच, त्यांची धडक पादचाऱ्याच्या जिवावर बेतण्याचा संभव, ३० इंच किंवा त्याहून बुटक्या व उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त, असे त्यात आढळले. आमच्या गाडीचे नाक मुळातच ४८ इंचांच्या आसपास होते. ते आम्ही हौसेने आणखी वर नेले होते.

याच हौसेचे टोक म्हणजे नाक आभाळाकडे आणि पाठ जमिनीकडे अशा गाड्या. तशी काही तरुणांत फॅशन निघाली होती. शेवटी सरकारांना मधे पडावे लागले. पुढचे मडगार्ड मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक उंच करायला नॉर्थ कॅरोलिना राज्याने २०२१ मध्ये बंदी केली. अशा उलाळ गाड्यांना व्हर्जिनियाने २०२२ मध्ये आणि साउथ कॅरोलिनाने २०२३ मध्ये आळा घातला. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याने ठरवलेल्या मूळ रचनेत मन मानेल तसा बदल करू देत नाही. तरीही रस्त्याने पाहावे, तर कांद्याचे चार पैसे जास्त मिळावेत म्हणून मागे एकदोन पाटे वाढवलेल्या पिकअप दिसतात. पाटे वाढतात; पण ब्रेक, टायर आणि आस जुनेच राहतात. हौस वेगळी, गरज वेगळी. खोड मात्र एकच. गाडी कशासाठी तशी उभी आहे, हे विचारायचेच राहून जाते.

त्या रात्री जेवणानंतर मी चिरंजीवांना ते न सांगितलेले उत्तर सांगितले. स्प्रिंग, झुकाव, राखीव जागा, सगळे. मला वाटले होते, रागावतील. ते एवढेच म्हणाले, “बाबा, तुम्ही आधी का नाही बोललात?” मी म्हणालो, “तू मला मदतीला हाक मारलीस. बोललो असतो तर काम झालं नसतं, असं वाटलं.” यावर ते काही बोलले नाहीत. आमच्या सौ. मात्र बोलल्या. “अहो, आगारात पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या गाड्या तपासल्यात, आणि घरच्या पोराला सांगायला जीभ रेटली नाही?” याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिरंजीव कचेरीतून लवकर आले. कोट काढून त्यांनी पानेपेटी उघडली. “चला, बाबा.” या वेळी तीन तासांतच चकत्या निघाल्या. मधल्या नटाकडे त्यांनी आपणहून पाठ फिरवली. अलाइनमेंटचे पैसे पुन्हा भरावे लागले, आणि दिवे आता जागच्या जागी आले आहेत ना, ते गॅरेजच्या दारावर झोत पाडून पाहिले. झाडूचा दांडा पुन्हा उभा केला. फडके दिसले साडेचार फुटांवर. हेही अंतर काही थोडे नव्हे. म्हणून गाडी सुरू करण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारायची आणि मूल कोणाच्या तरी कडेवर आहे हे पाहायचे, असा नियम सूनबाईंनी घालून दिला. तो त्या घरात कसोशीने पाळला जातो. वाचकहो, तुमची गाडी बुटकी असली, तरी हा नियम आणि झाडूचा प्रयोग तुमच्या घरातही चालेल.

दिवाळीच्या पाडव्याला आम्ही सगळे एका वृद्ध स्नेह्यांचे घर बदलायला गेलो. त्यांची कपाटे, पुस्तकांची खोकी आणि एक जुने शिवणयंत्र हौद्यात चढले. निघण्यापूर्वी चिरंजीव गाडीला प्रदक्षिणा घालत होते. मागच्या बाजूला येताच ते थांबले, पुढच्या खणातून पाणसळ काढली आणि हौद्याच्या कडेवर ठेवली.

“बाबा, हे बघा,” ते म्हणाले. नातीला कडेवर घेऊन मी वाकून पाहिले. बुडबुडा मधोमध उभा होता.